हजार चोची चिखल, एक घरटं!

चोचीत चिखलाची गोळी धरायची, उडत जाऊन पुलाच्या पोटाला थापायची, पुन्हा चिखलाकडे वळायचं. अशा सुमारे हजार खेपा झाल्या की उत्तर अमेरिकेतल्या कडा-भिंगरीचं घरटं तयार! आडव्या तुंब्यासारखं, अरुंद तोंडाचं.

शेजार मात्र भलता दाट. घरट्याला घरटं चिकटलेलं. नेब्रास्कात एकेका वसाहतीत ३,७०० घरटीसुद्धा मोजली गेली आहेत. किड्यांचा थवा सापडला की खास आवाज काढून ही भिंगरी इतरांना बोलावते. आणि संधी मिळाली की आपलं अंडं गुपचूप शेजारणीच्या घरट्यात घालते. कधी तर आपल्याच घरट्यातलं अंडं चोचीत उचलून शेजारी नेऊन ठेवते!

या गर्दीला ढेकणांच्या जातीचे रक्तपिपासू किडेही सोकावतात. ते फार माजले की पिल्लं दगावतात, म्हणून पक्षी एखादा हंगाम ती जागाच टाळतात. त्यामुळे रिकामी वसाहत दिसली म्हणून ती कायमची उजाड समजून घरटी खरवडू नयेत.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट रस्त्यावरची. संशोधक चार्ल्स आणि मेरी ब्राउन यांनी १९८२पासून तीस वर्षं नेब्रास्कात गाड्यांच्या धडकेनं मेलेल्या भिंगऱ्या गोळा केल्या. पक्षी वाढत गेले, तरी मृतांचा आकडा घटत गेला. मेलेल्यांचे पंख लांब, वसाहतीतल्या जिवंत पक्ष्यांचे तुलनेनं आखूड! पंख आखूड असले की रस्त्यावरून झटकन वर उठता येतं, चटकन वळता येतं. हे निष्कर्ष २०१३मध्ये प्रसिद्ध झाले.

कॅलिफोर्नियात सान हुआन कॅपिस्ट्रानोच्या जुन्या मिशनमध्ये दर १९ मार्चला या पाहुण्यांच्या आगमनाचा उत्सव होतो. दक्षिण अमेरिकेतला मुक्काम हलवून ते तिथवर येतात. पण डागडुजीत जुनी घरटी निघाली आणि पक्ष्यांनी पाठ फिरवली. मग त्यांना परत बोलावण्यासाठी नकली घरटी लावली, ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले. आधी घर मोडायचं आणि मग आर्जवं करायची, ही वेळ येऊच नये.

कडे सोडून पुलांखाली राहायला लागल्यानं या भिंगरीचा मुलूख पूर्वेकडे खूप पसरला. आपल्याकडची तिची चुलत बहीणही नदीवरच्या पुलांखाली मातीची घरटी अशीच दाटीवाटीनं बांधते. अमेरिकेत १९१८च्या कायद्यामुळे अंडी-पिल्लं असलेलं घरटं परवान्याशिवाय पाडता येत नाही. म्हणून पूल दुरुस्त करणारे विणीच्या हंगामाआधीच जाळ्या लावतात, नाहीतर पिल्लं उडून जाईपर्यंत थांबतात.