चित्र उलगडणारे यंत्र आणि त्याचा खुला आराखडा

रेल्वेच्या फलाटावर गाड्यांच्या वेळा व जाहिराती दाखवणारे पडदे आता आपल्या परिचयाचे झाले आहेत. शाळांतूनही असे पडदे आले आहेत. दूरच्या केंद्रातून तारेने किंवा बिनतारी मार्गाने संदेश येतो आणि पडद्यामागील लहानशी चिप त्याचे हलते चित्र करते. या चिपचे काम काय, आणि तिचा आराखडा सर्वांना खुला असण्याचे महत्त्व काय, याचा आज थोडा विचार करू.

१९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या एका चित्रात वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट आणि सेकंदाला पंचवीस चित्रे धरली, तर दर सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट पाठवावे लागतील. एवढा भार सामान्य जोडणीला पेलणारा नाही. म्हणून चित्र आधी आवळले जाते. नाटकात मागचा पडदा तोच राहतो, फक्त पात्रे हलतात. त्याप्रमाणे आधीच्या चित्राहून जे बदलले तेवढेच बहुधा पाठवतात. शिवाय चित्राचे लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोन स्थूल व सूक्ष्म लहरींच्या बेरजेत मांडतात, आणि डोळ्यांना न जाणवणाऱ्या सूक्ष्म लहरी गाळतात. मूळचा भार अशा रीतीने शंभराव्या हिश्श्याहूनही कमी होतो. हे सारे उलट क्रमाने उलगडणे, हे त्या चिपचे काम.

लहरींची ही गणिती रीत नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केली. त्यांपैकी राव हे मद्रास विद्यापीठाचे पदवीधर. रीत उघडपणे छापली गेली. परंतु पुढे तिच्यावर उभारलेल्या अनेक पद्धतींना एकस्वाधिकारांचे कुंपण पडले. २००३ सालची एच.२६४ ही त्यांतील सर्वांत रूढ. चिपांचे आराखडेही बहुधा बंदच असतात. उत्पादकाने साहाय्य थांबवले की धडधाकट पडदाही निरुपयोगी ठरू शकतो, आणि सार्वजनिक जागी लावलेले यंत्र आतून नेमके काय करते, हे कोणालाच तपासता येत नाही.

या बाबतीत चेन्नईतील एक उद्योग लक्षणीय आहे. तेथील आय. आय. टी. मद्रासमध्ये प्राध्यापक व्ही. कामकोटी यांच्या गटाने २०१४ च्या सुमारास ‘शक्ती’ या प्रोसेसरचे काम हाती घेतले. त्याचा पाया म्हणजे बर्कले येथे २०१० साली सुरू झालेला, शुल्काविना वापरता येणारा ‘रिस्क-फाइव्ह’ हा आज्ञासंच. ‘शक्ती’चे आराखडेही खुले आहेत. २०१८ साली त्याच्या चिपा अमेरिकेत इंटेलच्या कारखान्यात आणि चंदीगडजवळच्या सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीत तयार झाल्या.

मात्र प्रोसेसर म्हणजे संपूर्ण चित्रयंत्र नव्हे. त्याची योजना करताना कामाची वाटणी प्रथम ठरवावी लागते. जाळ्यावरून मागेपुढे येणारी संदेशाची पाकिटे क्रमाने लावणे, थोडी चित्रे हाताशी साठवणे आणि अनेक पडद्यांचे घड्याळ जुळवणे ही कामे प्रोसेसरने करावीत. लक्षावधी वेळा होणारी तीच ती बेरीज-गुणाकार मात्र स्वतंत्र मंडलाकडे सोपवावी. अन्यथा वेळ व वीज दोन्ही वाया जातात. पद्धतीची निवडही तितकीच महत्त्वाची. २०१८ साली आलेली ‘एव्ही-वन’ शुल्काविना वापरता यावी या हेतूने रचलेली आहे, पण उलगडण्यास जड आहे. जुनी ‘थिओरा’ हलकी आहे, पण ती चित्र कमी आवळते. आराखडा आधी ‘एफपीजीए’ या, पुनःपुन्हा जोडणी बदलता येणाऱ्या चिपवर पारखावा, आणि मगच खर्चिक कारखान्याची वाट धरावी.

खुल्या आराखड्याने कारखाना उभा राहत नाही, आणि यंत्र आपोआप निर्दोषही होत नाही. परंतु दोष शोधण्याचा व दुरुस्तीचा अधिकार एकाच विक्रेत्याच्या हाती राहत नाही. सरकारी पैशातून हजारो पडदे विकत घेताना किमतीबरोबर आराखड्याचीही चौकशी झाली, तर दहा वर्षांनी ते पडदे भंगारात काढायचे की दुरुस्त करायचे, हा निर्णय आपल्या हाती राहील.