‘गाकुशी’ ते ‘हाकुशी’ : जपानी पदव्यांची ओळख
जपानमध्ये नोकरीसाठी अर्ज करताना बहुधा ‘रिरेकिशो’ म्हणजे व्यक्तिगत माहितीपत्र द्यावे लागते. त्यातील शिक्षणाच्या रकान्यात एक शब्द चुकला, तरी अर्जदाराच्या पात्रतेविषयी गैरसमज होऊ शकतो.

पदवीला जपानीत ‘गाकुई’ म्हणतात. तिच्या मुख्य पायऱ्या तीन : पदवी ‘गाकुशी’, पदव्युत्तर पदवी ‘शूशी’ आणि विद्यावाचस्पती ‘हाकुशी’. तिन्हींच्या शेवटी येणारे ‘शी’ हे चित्राक्षर विद्वान वा प्रतिष्ठित व्यक्ती सुचवते. आधीचे अक्षर पायरी सांगते : ‘गाकु’ म्हणजे विद्या, ‘शू’ म्हणजे अभ्यासाने आत्मसात करणे, ‘हाकु’ म्हणजे व्यापक. ‘हाकुशी’ची अक्षरे बोलताना ‘हाकासे’ अशीही वाचली जातात. पदवीचे औपचारिक नाव मात्र ‘हाकुशी’च.

शिक्षण पूर्ण झाल्याचे शब्दही वेगवेगळे आहेत. ‘दाइगाकु’ म्हणजे विद्यापीठातून पदवी घेतली, तर ‘सोत्सुग्यो’; पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण केला, तर ‘शूर्यो’.

खरी गफलत होते ती पदविकेच्या बाबतीत. व्यवसायशिक्षण देणाऱ्या ‘सेन्मोन गाक्को’तून मिळणारी ‘सेन्मोन्शी’ ही उपाधी आहे, ‘गाकुई’ नव्हे. त्यामुळे आपल्याकडील तंत्रनिकेतनाच्या तीन वर्षांच्या पदविकेपुढे ‘गाकुशी’ लिहिणे चुकीचे ठरते. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेचे एन ५ ते एन १ हे स्तरही पदवीत मोडत नाहीत. त्यांची जागा ‘शिकाकु’ म्हणजे अर्हतेच्या रकान्यात.

शंका असल्यास प्रमाणपत्रावरील मूळ नाव आणि अभ्यासक्रमाचा कालावधी जसाच्या तसा नोंदवणे श्रेयस्कर.