काकडीचा केवडा : नाव एक, वंश अनेक

श्रावण लागला की कुर्ला स्टेशनाबाहेरच्या भाजीवाल्यांपुढे काकड्यांची रास दिसू लागते. कोशिंबिरीला कोवळी काकडी, धोंडसाला जून तवसे. या दिवसांत घरोघर तिची आठवण होते. पण पिकवणाऱ्याला हेच दिवस काळजीचे असतात. हवेत दमटपणा आणि पानांवर ओल राहिली की मांडवावरच्या वेलांवर केवडा हा रोग उतरतो. पानाच्या वरच्या अंगाला, शिरांनी आखून द्यावेत तसे पिवळे कोनदार ठिपके पडतात. पान उलटून पाहावे तर तेथे करडी-जांभळी लव! पाने वाळली की फळ पोसत नाही, आणि बियाणे, खत, मजुरी सारे पाण्यात जाते.

अशा वेळी शेतकरी विचारतो, “अहो, पूर्वी ज्या औषधानं गुण आला, त्यानंच आता का येत नाही?” प्रश्न अगदी रास्त आहे. दर वेळी दोष औषधाचाच असतो असे नाही. पुष्कळदा उत्तर रोगजंतूच्या वंशात सापडते.

या रोगजंतूचे शास्त्रीय नाव स्यूडोपेरोनोस्पोरा क्युबेन्सिस. १८६८ साली क्यूबा बेटावरील नमुन्यावरून त्याचे वर्णन झाले, म्हणून नावात क्यूबा आला. रूढीने आपण त्याला बुरशी म्हणतो. कुळ पाहू गेल्यास तो खऱ्या बुरशीपेक्षा काही शेवाळांना जवळचा आहे. तो जिवंत पानावरच वाढतो, आणि त्याचे बीजाणू वाऱ्याबरोबर दूरवर जातात.

आता नाव एक म्हणून वंशही एकच, असे समजू नका. कुर्ला स्टेशनाच्या पुलावरून खाली पाहिले तर सगळी एकच गर्दी दिसते. पण त्यातला कोणी हार्बरने पनवेलला जाणारा, तर कोणी मेन लाइनने ठाण्याला. केवड्याचेही तसेच आहे. जनुके तपासल्यावर त्याचे दोन मोठे गट आढळले. एक गट मुख्यतः काकडी आणि खरबुजावर येतो. दुसऱ्याचा ओढा भोपळा, कलिंगड यांकडे अधिक. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोघे सारखेच! काकडीच्या मर रोगाच्या फ्युझेरियम बुरशीतही असे प्रकार आहेत. ते ओळखण्यासाठी ठरावीक जातींच्या रोपांना मुद्दाम लागण करतात, आणि कोणते रोप मरते नि कोणते तगते ते पाहतात.

हे भेद येतात कुठून? एका रोगट पानावर असंख्य बीजाणू तयार होतात. इतक्या नकला होताना एखाद्या जनुकात बदल होतोच. कधी दोन वंशांचा संकर होतो, तर कधी नवा वंश वाऱ्याने किंवा रोपांबरोबर बाहेरून येतो. एरवी असा बदल कोणाच्या लक्षातही येत नाही. पण आपण एकच औषध पुन्हापुन्हा फवारू लागलो की ज्याला ते बाधत नाही तोच तेवढा शिल्लक राहतो, आणि पुढची सारी प्रजा त्याची. मेटालॅक्सिल हे नामांकित औषध १९७० नंतरच्या दशकात वापरात आले. १९८० च्या सुमारास इस्रायलमध्ये काकडीवरील केवडा त्याला दाद देईनासा झाला होता. काही वर्षांतच ही गत!

रोगप्रतिकारक जातीचेही असेच होऊ शकते. हिंदुस्थानातून अमेरिकेस गेलेले काकडीचे एक वाण तेथे १९७०८७ या क्रमांकाने नोंदलेले आहे. त्यातील प्रतिकारशक्ती १९५४ साली तिकडच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केली, आणि पुढे ती कित्येक जातींत उतरवली. त्या बळावर तेथील काकडी अनेक दशके बऱ्यापैकी निर्धास्त राहिली. मग २००४ साली पूर्व अमेरिकेत केवड्याची मोठी साथ आली आणि ते जुने कवच पुरे पडेना. नवा प्रतिकार शोधताना पुन्हा उपयोगी पडले ते हिंदुस्थानचेच, शेजारच्या १९७०८८ क्रमांकाचे वाण.

यात आश्चर्य नाही. काकडीचे मूळ घरच आपला देश. हिमालयाच्या पायथ्याशी तिची रानटी, कडू भावंडे अजून आढळतात. रोगात वैविध्य आहे, तर पिकातही ते हवे. सगळीकडे एकच जात लावणे म्हणजे चाळीतल्या सगळ्या खोल्यांना एकाच किल्लीची कुलुपे घालणे. चोराला एक किल्ली साधली की सारी चाळ उघडी!

तेव्हा एकाच गटातले औषध लागोपाठ मारू नये. जाणकाराच्या सल्ल्याने गट बदलावा. वेल मांडवावर किंवा ताटीवर चढवून वारा खेळता ठेवावा, रोगट पाने काढून नष्ट करावीत. आणि परसातल्या जुन्या तवशाचे बी टाकून देऊ नये. दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोत अशी वाणे जतन केली जातात. त्याचे एक केंद्र आपल्या अकोल्यातही आहे. आजीने राखेत घोळून डब्यात ठेवलेल्या मूठभर बियांत उद्याच्या एखाद्या केवड्याला तोंड देणारे जनुक असू शकेल. ते बी एकदा नाहीसे झाले, तर बाजारातून विकत आणता येणार नाही.