ब्लाऊज कसा घालायचा, हे सांगणारी कुणीतरी हवी
स्तनाच्या कर्करोगातून जाणाऱ्या बायांसाठी वस्तीतला आधार गट

सर्जिकल वॉर्डातली माझी सकाळची ड्युटी होती. कर्करोगामुळे एक स्तन काढलेल्या एका बाईला त्या दिवशी घरी सोडायचे होते. धुणीभांडी करणारी, वय पंचेचाळीसच्या आसपास. मी नेहमीप्रमाणे सगळे सांगितले. जखम कोरडी ठेवा, गोळ्या वेळेवर घ्या, या तारखेला ड्रेसिंगला या. तिने केसपेपर पिशवीत घातला, पण ती हलेना. मग खाली बघत म्हणाली, "सिस्टर, आता ब्लाऊज कसा घालायचा? एक बाजू रिकामी दिसते. कामावरच्या बाया बघतील."

नर्सिंगच्या डिप्लोमात मला जखम बांधायला शिकवले होते, सलाईन लावायला शिकवले होते. या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते शेजारच्या खाटेवर होते. तिथे किमोसाठी आलेल्या मावशींनी मला पडदा ओढायला सांगितले आणि आपल्या ब्लाऊजमधून एक छोटी पिशवी काढून तिच्या हातात दिली. जुन्या सुती साडीचा तुकडा, आत कापूस आणि वजनाला थोडी राई, बाळाच्या उशीत भरतो तशी. "जखम पुरती भरू दे, डॉक्टरला विचार, मग घाल," मावशी म्हणाल्या. दहा मिनिटे त्या दोघी हळू आवाजात बोलत होत्या. जाताना त्या बाईची मान वर होती.

नोकरी सोडून मी वस्तीत काम करू लागले, त्याची सुरुवात त्या पडद्यामागे झाली, असे मला वाटते.

एका बाईने सुरू केलेले काम

हे काम नवीन नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कला टेरीस लासर नावाची बाई होती. १९५२ साली तिचा स्तन काढावा लागला. पुढे कसे जगायचे, हात कसा हलवायचा, कपड्यात काय घालायचे, हे तिला कुणी सांगितले नाही. मग ती स्वतः दवाखान्यांत जाऊन नव्या रुग्ण बायांना भेटू लागली. सोबत कपड्यात घालायचा तात्पुरता उंचवटा आणि हाताच्या व्यायामासाठी रबरी चेंडू व दोरी घेऊन जायची. बऱ्याच डॉक्टरांना ते आवडले नाही. पण काम वाढले. 'रीच टू रिकव्हरी' या नावाचा तो उपक्रम १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आपल्याकडे घेतला आणि पुढे तो अनेक देशांत गेला. नियम साधा होता. भेटायला जाणारी बाई स्वतः या आजारातून गेलेली असली पाहिजे.

आपल्या मुंबईतही कर्करोगाच्या कामाची परंपरा जुनी आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली उघडले. १९५१ साली डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी सुरू केली. १९६९ साली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन उभी राहिली. मोठ्या संस्था आहेत, त्यांची मदत घ्यायची आहेच. पण रात्री नऊ वाजता किमोच्या उलट्यांनी घाबरलेल्या बाईजवळ बसायला गल्लीतलीच कुणीतरी लागते.

गट काय देतो आणि काय देत नाही

इथे मला खरे सांगितले पाहिजे. गटात आले की आजार बरा होतो, असे कुणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका.

१९८९ साली अमेरिकेतल्या डॉ. डेव्हिड स्पीगेल यांनी ८६ बायांचा अभ्यास छापला. आजार शरीरात पसरलेल्या ज्या बाया दर आठवड्याला गटात बसत होत्या त्या जास्त जगल्या, असे त्यात दिसले. जगभर त्याची चर्चा झाली. पुढे कॅनडात २३५ बायांवर तोच प्रश्न पुन्हा तपासला. २००१ साली निकाल आला. आयुष्य वाढले नाही. पण गटातल्या बायांची घालमेल कमी झाली, दुखण्याचा त्रासही त्यांना कमी वाटला. ज्या सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या त्यांना जास्त फायदा झाला.

म्हणून आमच्या गटात पहिल्या दिवशीच सांगतो. बरे करायचे काम शस्त्रक्रिया, किमो, शेक आणि गोळ्यांचे. आपले काम, बाई त्या उपचारापर्यंत पोहोचावी आणि तो अर्ध्यावर सुटू नये, हे बघायचे. काही जणींना ऑपरेशननंतर पाच वर्षे, कधी दहा वर्षे रोज गोळी घ्यावी लागते. दोन वर्षांत 'आता बरे वाटते' म्हणून गोळी बंद करणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. दर महिन्याला कुणी "गोळ्या संपल्या का?" एवढे विचारले तरी फरक पडतो.

आमची सुरुवात

आम्ही पाच जणी होतो. त्यात तिघी या आजारातून गेलेल्या, एक जण आईला यात गमावलेली आणि मी. महिन्याचा पहिला रविवार, दुपारी तीन, विहाराच्या मागची खोली. दुपार यासाठी की तेव्हा घरकामाला जाणाऱ्या बाया मोकळ्या असतात. बोर्ड लावला नाही. भाषण नाही, हारतुरे नाहीत. चहा आणि एक वही.

पहिल्या तीन बैठकांना नवीन कुणी आले नाही. चौथ्या वेळी एक आली, दारातच बसली आणि अर्धा तास काही बोलली नाही. जाताना म्हणाली, "मला वाटले, आपल्या वस्तीत मी एकटीच."

ती एकटी नव्हती. भारतात बायांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे देशात एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजारांवर मृत्यू. हे आपल्याला दिसत नाही, कारण आपण पदर घट्ट ओढून घेतो. घरात 'तिला पोटाचे ऑपरेशन झाले' असे सांगतो.

आमच्या हातून झालेली चूक

वर्षभरानंतर गट चांगला चालू लागला आणि आम्हाला जरा हुरूप आला. महिला दिनाला सगळ्यांचा फोटो काढला. कुणीतरी तो वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली लिहिले, 'कॅन्सरशी झुंजणाऱ्या आमच्या भगिनी'. टाकणारीचा हेतू चांगला होता.

त्या फोटोत एक बाई होती, तिच्या मुलीचे लग्न ठरत होते. मुलाकडच्यांनी फोटो पाहिला. 'आईला आहे म्हणजे मुलीला होणार' म्हणून बोलणी थांबली. बाई रात्री माझ्या दारात आली. ओरडली नाही. "ताई, मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता," एवढेच म्हणाली. त्यानंतर ती गटात आली नाही.

मुलाकडच्यांचे चुकलेच. बहुतेक रुग्ण बायांमध्ये हा आजार आईकडून मुलीकडे आलेला नसतो. घरात जवळच्या दोघीतिघींना झाला असेल किंवा फार लहान वयात झाला असेल तर डॉक्टरांशी जरूर बोलावे. पण एका आईच्या आजारावरून मुलीचे भविष्य ठरवणे अडाणीपणाचे आहे. तरीही त्यांची चूक दाखवून माझी चूक झाकता येत नाही. कुणाचा आजार कुणाला सांगायचा, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते. सतरा वर्षे नर्स असून मला हे कळायला हवे होते.

त्या दिवसापासून आमचे तीन नियम आहेत. बैठकीत फोटो नाही. खोलीतले बोलणे खोलीबाहेर नाही, नवऱ्याजवळही नाही. वहीत नाव नाही, फक्त क्रमांक. नवी बाई आली की आधी हे नियम सांगतो, मग चहा.

पैसा आणि नोंदणी

दहा-बारा बाया एकत्र बसून एकमेकींना आधार देणार असतील तर कसलीही नोंदणी लागत नाही. पहिली दोन वर्षे आम्ही तशाच चाललो आणि ते बरे झाले. आधी काम पक्के झाले, मग कागद आले.

पण रिक्षाचे भाडे, बाहेरच्या तपासण्या असे खर्च येऊ लागले आणि लोक पैसे देऊ लागले. एका बाईच्या नावावरच्या खात्यात इतरांचे पैसे ठेवले की आज ना उद्या भांडण होते. शिवाय अशा कामासाठी लोकांकडून जाहीर वर्गणी गोळा करायला परवानगी लागते. म्हणून आम्ही नोंदणी केली.

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. संस्थेचा उद्देश आणि नियमावली लिहावी लागते, कार्यालयाच्या जागेचा पुरावा आणि जागामालकाचे संमतीपत्र लागते. महाराष्ट्रात हे काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते. पुढे दरवर्षी हिशेब तपासून द्यावा लागतो. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज करावा लागतो. अनेक मंडळे इथेच अडकतात. जुने अध्यक्ष कागदावर, नवे कामावर. बँकेत दोघींच्या सह्या ठेवा आणि त्या दोघी एकाच घरातल्या नकोत. उद्देशात आजार झालेल्या बायांना कार्यकारिणीत जागा लिहून ठेवा, म्हणजे संस्था त्यांची राहील.

उपचाराच्या खर्चाचे मार्ग

गटातल्या दोघींनी हे नीट शिकून घ्यावे.

– महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे बरेच उपचार बसतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. आधी पैसे भरू नका, आधी विचारा.
– धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी राखीव असतात. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन जा.
– उपचारासाठी रेल्वेने जाणाऱ्या कर्करुग्णाला आणि सोबतच्या माणसाला तिकिटात सवलत मिळते. रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यात दाखला घ्यावा लागतो.

गाठ लहान असतानाच

मुंबईच्या वस्त्यांमध्येच झालेले एक मोठे काम आपल्याला माहीत हवे. १९९८ पासून टाटा मेमोरियलने ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायांचा अभ्यास केला. निम्म्या भागांतल्या बायांचे स्तन दर दोन वर्षांनी हाताने तपासले. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. वीस वर्षांचा निकाल २०२१ साली आला. तपासणी झालेल्या भागांत आजार लवकरच्या पायरीवर सापडला आणि ५० च्या पुढच्या बायांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायांमध्ये मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही, हेही खरे. पण हाताने, कमी खर्चात, वस्तीत जाऊन हे करता येते, हे सिद्ध झाले.

सरकारी कार्यक्रमातही ३० ते ६५ वयाच्या बायांची अशी तपासणी मोफत आहे. आशाताईंना विचारा.

न दुखणारी गाठ, काखेतली गाठ, आत ओढले गेलेले बोंड, बोंडातून रक्त, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, यातले काही दिसले तर थांबू नका. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते तपासल्यावरच कळते. सुई टोचून तपासल्याने आजार पसरत नाही. तो एका ताटात जेवल्याने लागत नाही. पुरुषांनाही क्वचित होतो. आणि किमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी रुग्णालय गाठा.

तुमच्या वस्तीत सुरू करायचे तर

आजारातून गेलेल्या दोघी शोधा. नसतील तर जवळच्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारा. जागा आणि वार ठरवा, तो बदलू नका. कुणी आले नाही तरी बसा. औषध सुचवू नका, कुणी पुडी विकायला आले तर दारातून परत पाठवा. आणि नवऱ्यांना, मुलांना वर्षातून एकदा तरी वेगळे बोलवा. आमच्या एका बैठकीत एका भाऊंनी विचारले होते, "तिला हात लावला तर दुखेल का?" वर्षभर तो माणूस हे विचारायला घाबरत होता.

फोटोतली ती बाई अजून गटात येत नाही. तिच्या मुलीचे लग्न पुढे दुसरीकडे झाले. आमच्यातली एक जण दर महिन्याला तिच्या घरी एकटीच जाते, रिकाम्या हाताने, भाजी निवडायला बसल्यासारखी बसते. गोळ्या संपल्या का, विचारते आणि निघून येते. अजून तरी तिची गोळी चुकलेली नाही.