एवढ्याशा लोखंडाच्या तुकड्याला एवढे पैसे कशाचे?

ताईंनो, मिरचीचा हंगाम सुरू झाला की कांडप, पल्व्हरायझर, शेवयाची मशीन दिवसभर चालतात. आणि नेमका तेव्हाच कुठला तरी शाफ्ट झिजतो, नाहीतर बुश ढिला होतो. मशीन जुनं किंवा जवळच्या कारागिराने बनवलेलं असलं तर तो भाग दुकानात मिळत नाही. मग लेथवर नवा करून घ्यावा लागतो. खरी गंमत पुढच्या बैठकीत होते. बिल पाहून कोणीतरी म्हणतंच, "मुठीत मावेल एवढा तुकडा, आणि एवढे पैसे?" कधी लेथवाल्यावर संशय, तर कधी जी ताई बिल घेऊन आली तिच्यावरच. हा दुसरा संशय फार वाईट. त्याने चांगले गट कुरबुरीला लागलेले मी पाहिलेत. म्हणून हा दर ठरतो कसा, ते आपण नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट, लोखंडाची किंमत हा बिलातला बहुतेक वेळा छोटा भाग असतो. मोठा भाग असतो वेळेचा. लेथ, त्याची वीज, चालवणारा माणूस, झिजणारं टूल, शेडचं भाडं हे सगळं धरून वर्कशॉपवाला तासाचा दर काढतो. आता या तासांत सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? कापण्यात नाही, तयारीत. जॉब चकमध्ये धरायचा, मध्यावर आणायचा, टूल लावायचं, मापं घ्यायची. याला ते सेटिंग म्हणतात.

समजा सेटिंगला १ तास लागतो आणि एक बुश कापायला २० मिनिटं. तासाचा दर हिशोबापुरता ३०० रुपये धरू. एकच बुश केला तर ८० मिनिटं, म्हणजे मजुरी ४०० रुपये. तेच १० बुश एकदम केले तर १ तास सेटिंग आणि २०० मिनिटं कापणं, एकूण १,३०० रुपये. म्हणजे एका बुशला १३०. तोच लेथ, तोच माणूस, तोच बुश! आपल्या प्रभागसंघात एकाच बनावटीचं मशीन चार-पाच गटांकडे असतं, तरी प्रत्येक गट वेगवेगळ्या महिन्यात एकेक बुश करून घेतो आणि दर वेळी सेटिंगचे पैसे नव्याने भरतो. हंगामाआधी ग्रामसंघांनी मिळून दहा करून ठेवले तर?

एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम होतं, ते स्वस्त पडेल का, असंही विचारलं जातं. एक-दोन नगांना नाही. तिथे आधी प्रोग्राम बनवावा लागतो, तासाचा दरही जास्त. शंभर नग असतील तर तिकडे जा, एका शाफ्टला गावातला लेथच बरा.

आता मालाचं बघू. गोल सळईचं वजन काढायची सोपी रीत आहे: व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, १६२ ने भागा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. समजा ३०० मिमी लांबीचा, २५ मिमी जाडीचा शाफ्ट हवा आणि त्यावर एके ठिकाणी २० मिमी रुंदीची, ४० मिमी व्यासाची कॉलर आहे. एका तुकड्यातून करायचा तर ४० मिमीची सळई घ्यावी लागते. वजन जवळजवळ ३ किलो. शाफ्ट तयार होतो तो सव्वा किलोच्या आसपास. बाकीचा सगळा कीस! तुम्ही त्याचेही पैसे देता, आणि तो काढायला लागलेल्या वेळेचेही. त्या कॉलरवर फार जोर येत नसेल तर २८ मिमीची सळई घेऊन रिंग वेल्ड करायची आणि मग टर्निंग करायचं. हे तुम्ही विचारलं पाहिजे, तो आपणहून सांगेलच असं नाही.

धातू कुठला यावरही दर बदलतो. साधं एमएस सगळ्यात स्वस्त आणि कापायलाही सोपं, पण ते थेट तापवून कडक होत नाही. झीज सोसायची असेल तर ईएन ८ घेतात, ते कडक करता येतं. पण कडक करायला जॉब दुसरीकडे पाठवावा लागतो, तो खर्च वेगळा. पिठाला, मसाल्याला जो भाग लागतो तो ३०४ स्टेनलेसचाच करा, इथे काटकसर नको. स्टेनलेस महाग असतंच, शिवाय कापताना ते आणखी कडक होत जातं, टूल लवकर जातं, मशीन हळू चालवावी लागते. म्हणून मजुरीही वाढते. गनमेटलचा बुश महाग, कारण त्यात मुख्यतः तांबं.

मापाची अचूकता ही मात्र लपलेली किंमत आहे. शाफ्टवर जिथे ६२०५ नंबरचं बेअरिंग बसतं, तिथे २५ मिमी म्हणजे नेमकं २५ लागतं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरकही जाणवतो. तिथे तो थांबून थांबून मायक्रोमीटर लावणार, वेळ जाणार. पण बाकीच्या लांबीत अर्धा मिमी इकडेतिकडे झाला तर काय बिघडतं? म्हणून "सगळं एकदम परफेक्ट करा" असं म्हणू नका. "बेअरिंगची जागा नेमकी, बाकी साधं चालेल" असं सांगा. चकाचक पॉलिशही मागू नका, झाकणाआड कोण बघतंय?

आणि हे विसरू नका: झिजलेला भाग नमुना म्हणून एकटा नेला तर लेथवाला झिजलेलंच माप उतरवतो. नवा भाग पहिल्या दिवसापासून ढिला! जोडीचा भागही न्या. बुश करायचा तर शाफ्ट न्या, शाफ्ट करायचा तर बेअरिंग न्या.

बेअरिंग, नटबोल्ट, पट्ट्याची पुली बनवून घेण्यात अर्थ नाही, या बाजारात तयार मिळतात. पुलीला फक्त भोक मोठं करून की-वे पाडून घ्यायचा.

दर विचारताना चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून द्या: धातू, नग, नेमकी मापं कुठली, आणि कधी हवंय. उद्याच हवं म्हटलं की दर चढतो, त्यात त्याचं चुकत नाही, दुसऱ्याचा लावलेला जॉब त्याला उतरवावा लागतो. तीच चिठ्ठी दोन वर्कशॉपला द्या, म्हणजे दोन दर एकाच गोष्टीचे मिळतील. बिलावर माल वेगळा, मजुरी वेगळी लिहून घ्या आणि चिठ्ठी बिलाला टाचून फाइलला लावा. पुढच्या मासिक बैठकीला येताना आपल्या मशीनच्या बेअरिंगवरचा नंबर आणि शाफ्टची जाडी वहीत लिहून आणा, कुठल्या गटांचे भाग सारखे आहेत ते तिथेच जुळवून बघू.