बधिरीकरणाची औषधे आणि हृदय: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दात काढताना, टाके घालताना किंवा हाताच्या शस्त्रक्रियेआधी तेवढाच भाग बधिर करणारी औषधे एकाच कुळातली आहेत. योग्य मात्रेत ती अत्यंत सुरक्षित असतात. क्वचित मात्र त्यांचा हृदयावर जीवघेणा परिणाम होतो. तो कसा होतो आणि रुग्णाला कसे वाचवायचे, हे आपल्याला मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांतून कळले. या प्रयोगांबद्दल आणि औषधांबद्दल काही समजुती मात्र चुकीच्या आहेत.

गैरसमज: औषध टोचलेल्या जागीच राहते.
वस्तुस्थिती: ते हळूहळू रक्तात शोषले जाते. मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग रोखून ते वेदनेचा संदेश थांबवते, आणि तसेच मार्ग हृदयाच्या स्नायूतही असतात. मात्रा जास्त झाली किंवा औषध चुकून थेट रक्तवाहिनीत गेले, तर हृदयातील विद्युतसंदेश मंदावतात, ठोक्यांची लय बिघडते आणि आकुंचनाचा जोर घटतो.

गैरसमज: ही सगळी औषधे हृदयाला सारखीच घातक असतात.
वस्तुस्थिती: या कुळातील बुपिवाकेन आणि एटिडोकेन यांच्या वापरानंतर हृदय अचानक बंद पडत असल्याकडे 1979 मध्ये अमेरिकी भूलतज्ज्ञ जॉर्ज अल्ब्राइट यांनी लक्ष वेधले. बाळंतपणासाठी 0.75 टक्के बुपिवाकेन वापरणे अमेरिकेत 1984 च्या सुमारास थांबवले गेले. संशोधक क्लार्कसन आणि होंडेगेम यांनी 1985 मध्ये गिनीपिगच्या हृदयस्नायूवर प्रयोग करून बुपिवाकेन हृदयाला अधिक घातक का ठरते, हे दाखवले. याच कुळातील लिग्नोकेन सोडियमच्या मार्गात झटकन शिरते आणि झटकन सुटते. बुपिवाकेनही झटकन शिरते, पण सुटायला वेळ घेते. त्यामुळे दोन ठोक्यांच्या मधल्या अवधीत मार्ग पुरेसा मोकळा होत नाही.

गैरसमज: हृदयावर परिणाम होण्याआधी शरीर नेहमी इशारा देते.
वस्तुस्थिती: ओठ-जीभ बधिर होणे, तोंडाला धातूची चव येणे, कानात आवाज येणे, झटके येणे ही इशाऱ्याची लक्षणे आहेत. मेंढ्यांवरील प्रयोगांत लिग्नोकेनमुळे रक्ताभिसरण कोसळायला झटके आणणाऱ्या मात्रेच्या सुमारे 7 पट औषध लागले. बुपिवाकेनला 4 पटीहूनही कमी पुरले. म्हणजे त्यात सावरायला अवधी कमी मिळतो. रुग्ण पूर्ण भुलीत किंवा गुंगीत असेल, तर ही लक्षणे दिसतही नाहीत. म्हणूनच ईसीजी आणि रक्तदाबावर सतत लक्ष ठेवावे लागते.

गैरसमज: हृदय एकदा बंद पडले की उपाय उरत नाही.
वस्तुस्थिती: शिकागोचे भूलतज्ज्ञ गाय वाइनबर्ग यांनी 1998 मध्ये उंदरांना शिरेतून लिपिड इमल्शन, म्हणजे पोषणासाठी दिले जाणारे तेलयुक्त द्रावण दिले. त्यामुळे बुपिवाकेनची विषबाधा वाढेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात प्राणघातक मात्रेची मर्यादाच वर गेली. 2003 मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगात लिपिड मिळालेले सर्व 6 कुत्रे वाचले. सलाईन मिळालेला एकही वाचला नाही. 2006 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी या उपायाने वाचलेल्या पहिल्या रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. आज 20 टक्के लिपिड इमल्शन हा या विषबाधेवरील मान्य उपचार आहे. श्वास सांभाळणे आणि छातीवर दाब देणे मात्र तितकेच आवश्यक असते.

गैरसमज: प्राण्यांत जे दिसते ते माणसात जसेच्या तसे घडते.
वस्तुस्थिती: गाभण मेंढ्यांना बुपिवाकेन अधिक बाधते, असे 1985 च्या अभ्यासात वाटले, पण 1995 च्या अभ्यासात तो फरक टिकला नाही. डुकरांना तर लिपिडचीच तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून एकाच अभ्यासाचा किंवा एकाच प्रजातीवरचा निष्कर्ष अंतिम मानता येत नाही. अनेक प्रजातींतले निष्कर्ष आणि प्रत्यक्ष रुग्णांचा अनुभव एकत्र पाहावा लागतो.

रुग्णांनी औषधाची भीती बाळगण्याचे कारण नाही, पण हृदयाचा किंवा यकृताचा आजार आणि चालू गोळ्या डॉक्टरांना आधीच सांगाव्यात. आणि जिथे बधिरीकरणासाठी मोठ्या मात्रा दिल्या जातात, अशा प्रत्येक रुग्णालयात लिपिड इमल्शन शस्त्रक्रियागृहातच हाताशी असायला हवे.