नवा फोन आला, नंबर कुठे गेले?

झाईच्या किनाऱ्यावर एका घरी आम्ही बसलो होतो. घरातला मोठा मुलगा ओख्याच्या बोटीवर खलाशी. आईचा बटणांचा फोन दमट हवेने कुरकुरायला लागला, म्हणून धाकट्याने तिला टचचा फोन घेऊन दिला. सिम तेच, नंबर तोच. पण यादी उघडली तर नावे फक्त अकरा. आधी सत्तर-ऐंशी तरी होती, असे मावशींचे म्हणणे. जी गेली त्यांत बोटीच्या शेठचा नंबर होता, तांडेलाचा होता, त्याच बोटीवर गेलेल्या बोरीगावच्या एका मुलाच्या घरचाही होता. मुलगा खोल समुद्रात असताना त्याचा फोन लागत नाही. बोट कधी बंदराला लागणार, हे शेठकडूनच कळते.

धाकटा म्हणत होता, "सिम तर तेच आहे, मग नावे गेली कशी?" मावशींचा प्रश्न वेगळा होता : "मग अकराच राहिली कशी?" आमच्या मते खरा प्रश्न मावशींचाच. उत्तर असे की ती अकरा नावे सिमवर होती आणि बाकीची जुन्या फोनच्या पोटात. नशिबाने तो फोन अजून फळीवर पडून होता, चार्जरही सापडला. तासाभरात सगळी नावे परत आली. फोन पाण्यात पडून कायमचा गेला असता, तर शेठचा नंबर शोधायला कुणाला तरी बोरीगावला धाडावे लागले असते.

झाई हे किनाऱ्यावरचे महाराष्ट्राचे शेवटचे गाव. खाडीपलीकडे उंबरगाव. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातकडे गेले, झाई इकडे राहिली. नाती, बाजार, दवाखाने मात्र दोन्हीकडे. डहाणू-तलासरीतले खलाशी ओखा, पोरबंदरच्या बोटींवर जातात आणि त्यांतल्या काहींना पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षे काढावी लागली आहेत. अशा घरासाठी फोनमधली यादी म्हणजे घरचा माणूस कुठे आहे हे विचारण्याचा एकमेव रस्ता असतो. पूर्वी हे नंबर कालनिर्णयच्या मागच्या पानावर किंवा दाराच्या फळीवर खडूने लिहिलेले असत. आता ते फोनमध्ये आहेत, पण फोनमध्ये नेमके कुठे, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

ती जागा तीनपैकी एक असते. सिमकार्ड, फोनची स्वतःची मेमरी, किंवा इंटरनेटवरचे खाते म्हणजे अँड्रॉइडवर गुगल आणि आयफोनवर आयक्लाउड. नवा फोन घेण्याआधी यादीतली आठ-दहा नावे उघडून ती कुठे साठवली आहेत ते पाहावे. बऱ्याच फोनमध्ये नावाच्या खाली किंवा बाजूला सिमचे चिन्ह किंवा जीमेलचा पत्ता दिसतो. बटणांच्या फोनमध्ये यादीच्या सेटिंगमध्ये 'फोन', 'सिम' की 'दोन्ही' असे विचारलेले असते.

सिमवर भरवसा फार, पण ते लहान आहे. साधारण अडीचशे नावे मावतात. एका नावाला बहुधा एकच नंबर. नाव इंग्रजी अक्षरांत लिहिले तर चौदा-पंधरा अक्षरे, देवनागरीत लिहिले तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून 'बोरीगाव अंगणवाडी ताई' सिमवर टाकले की 'बोरीगाव' उरते, आणि अशी तीन बोरीगाव झाली की कोणती ताई हे फोन लावल्यावरच कळते. दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. सिम हरवले आणि कंपनीकडून दुसरे घेतले तर नंबर परत मिळतो, नावे मिळत नाहीत. नव्या फोनसाठी छोट्या आकाराचे सिम बदलून घेतले तरी ते कोरेच येते. म्हणून जुने सिम लगेच फेकू नये. त्याचे नेटवर्क गेले तरी त्यावरची नावे बहुतेक वेळा वाचता येतात. ई-सिमवर तर नावे ठेवायची सोयच नसते.

आता प्रत्यक्ष काम. बटणांच्या फोनवरून टचच्या फोनवर जायचे असेल तर दोन्ही फोन चार्ज करून शेजारी ठेवा. जुन्या फोनमध्ये ब्लूटूथ असेल तर नावे तिथून पाठवता येतात. काही फोन सगळी एकदम पाठवतात, काही एकेक. जिओफोनमध्ये संपर्कांच्या सेटिंगमध्ये 'एक्सपोर्ट' आहे, त्यातून मेमरी कार्डवर किंवा ब्लूटूथने यादी काढता येते. नव्या फोनवर जी फाइल येते तिच्या नावाच्या शेवटी 'व्हीसीएफ' असते. ती उघडली की नावे कुठे ठेवायची असे फोन विचारतो. तिथे घाईने 'सिम' किंवा 'डिव्हाइस' न दाबता आपले गुगल खाते निवडायचे. ब्लूटूथ नसेल तर नावे फोनमधून सिमवर 'कॉपी' करावीत, सिम नव्या फोनमध्ये घालावे आणि गुगलच्या संपर्क अॅपमध्ये 'ऑर्गनाइज' या भागात (जुन्या आवृत्तीत 'फिक्स अँड मॅनेज') जाऊन सिममधून इम्पोर्ट करावे. ही शेवटची पायरी लोक विसरतात. सिम आत असल्यामुळे नावे दिसतात, पण ती असतात सिमवरच.

अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाणे सर्वात सोपे. जुन्या फोनवर संपर्कांचे 'सिंक' चालू आहे का पाहा, थोडा वेळ इंटरनेट चालू ठेवा, नव्या फोनवर तेच खाते घाला. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्यांसाठी अॅपलचे 'मूव्ह टू आयओएस' हे अॅप आहे.

पण खरी गोम खात्यातच आहे, आणि वस्त्यांमध्ये सर्वात जास्त नावे आम्ही इथेच हरवताना पाहिली आहेत. दुकानात फोन विकत घेताना तो सुरू करण्यासाठी जीमेल खाते लागते. गिऱ्हाइकाला पासवर्ड आठवत नाही, मागे रांग असते, दुकानदार स्वतःच एक नवे खाते उघडतो आणि पासवर्ड त्याच्याच मनाचा. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जाते. पुढची तीन वर्षे सगळी नावे त्या खात्यात साठत जातात. फोन पडतो, नवा येतो, दुकानदार पुन्हा नवे खाते उघडतो. जुनी नावे इंटरनेटवर शाबूत असतात, पण त्या घराची किल्ली कुणाकडेच नसते. त्यातच गुगलचा नियम असा आहे की दोन वर्षे न वापरलेले खाते काढून टाकले जाऊ शकते. २०२३ च्या डिसेंबरपासून तो लागू झाला आहे. आमच्यातल्या एकाच्या घरी हेच झाले होते, तेव्हा दुसऱ्यांना नावे ठेवायला आम्हाला जागा नाही.

म्हणून जुना फोन चालू असेपर्यंतच त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन खात्याचा पत्ता वहीत लिहून घ्यावा. त्या खात्याला जोडलेला मोबाईल नंबर आपला आहे की दुकानदाराचा, तेही पाहावे आणि आपला घालावा. पासवर्ड विसरला तर बहुधा त्याच नंबरवर ओटीपी येतो. दुसरी चूक घरातली. वडील, मुलगा आणि सून तिघांच्या फोनवर एकच खाते असते. मग सुनेच्या मैत्रिणी सासऱ्यांच्या यादीत दिसतात, सासरे वैतागून त्या पुसतात आणि सुनेच्या फोनवरूनही त्या जातात. अशी पुसलेली नावे गुगलच्या संपर्कांच्या 'ट्रॅश'मध्ये ३० दिवस राहतात. तेवढ्यात आठवण झाली तर परत आणता येतात. प्रत्येकाचे खाते वेगळे हवे, बाईचेसुद्धा. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण नवऱ्याच्या खात्यात साठलेले माहेरचे नंबर भांडणाच्या दिवशी हाताशी नसतात.

नावे नव्या फोनवर आली की थोडी साफसफाई. सीमेवर राहणाऱ्यांच्या यादीत एकच माणूस तीनदा असतो. पूर्वी दुसऱ्या सर्कलमधल्या मोबाईलला आधी शून्य लावावा लागे. झाईतून उंबरगावच्या व्यापाऱ्याचा नंबर शून्यासकट साठवलेला, नंतर दहा आकडी, मग व्हॉट्सअॅपसाठी अधिक ९१ लावून. संपर्क अॅपमधले 'मर्ज' त्यांना एकत्र करते. राज्याबाहेर जाणाऱ्यांनी सगळे मोबाईल नंबर अधिक ९१ लावूनच ठेवावेत. मात्र तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ किंवा ११२ अशा लहान नंबरांना काहीही जोडू नये, नाहीतर ते लागणार नाहीत. शिवाय 'शेठ', 'दादा', 'साहेब' एवढ्याने भागत नाही. 'शेठ ओखा', पुढे बोटीचे नाव, पुढे मुलाचे नाव असे लिहिले तर घरातले दुसरे माणूसही तो नंबर शोधू शकते. नावे मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांत असली की शोधताना सापडत नाहीत. एक लिपी ठरवून घ्यावी.

जुना फोन मेलाच असेल तर? फक्त काच फुटून टच बंद पडला असेल तर ओटीजी जोडणीने संगणकाचा माऊस लावून बऱ्याच फोनमधून नावे काढता येतात. ते नाही जमले तर व्हॉट्सअॅपच्या गटांमध्ये सदस्यांचे नंबर दिसतात, त्यांतून माणसे ओळखता येतात. प्रीपेड ग्राहकालाही गेल्या सहा महिन्यांत लावलेल्या कॉलचा तपशील कंपनीकडे मागता येतो. ट्रायच्या २०१२ च्या ग्राहक संरक्षण नियमांत ती तरतूद आहे आणि शुल्क ५० रुपयांहून जास्त घेता येत नाही. त्यात नावे नसतात, पण शेठला शेवटचा फोन कोणत्या दिवशी लावला होता हे आठवले तरी पुरते.

आता थोडे आपल्याच कार्यकर्त्यांबद्दल. आपल्या फोनमधली यादी आपली एकट्याची नसते. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आलेली मुलगी, वनहक्काचा दावा केलेला म्हातारा, नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार केलेली बाई, १४ एप्रिलच्या वर्गणीतली शंभर घरे, सगळी त्यात असतात. नवा फोन सुरू होताना प्रत्येक अॅप 'संपर्क पाहू द्या' म्हणते आणि आपण वाचल्याशिवाय 'हो' दाबतो. झटपट कर्ज देणाऱ्या अॅपांनी अशाच याद्या उचलून कर्जदाराच्या नातेवाइकांना, ओळखीच्यांना शिवीगाळ केल्याच्या तक्रारी देशभर झाल्या. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम काढले आणि कर्जाच्या अॅपांनी संपर्क-यादीला हात लावू नये असे सांगितले. बेकायदा अॅप नियम पाळत नाहीत. तिथे 'नको' आपणच दाबायचे. संस्थेच्या कामाचे नंबर वेगळ्या खात्यात ठेवले तर कार्यकर्ता काम सोडून गेला तरी नवा माणूस शून्यापासून सुरू करत नाही, आणि गेलेल्याच्या खिशात लोकांच्या अडचणीही राहत नाहीत.

जुना फोन विकताना किंवा भाच्याला देताना आधी त्यातले खाते काढा, मग 'फॅक्टरी रीसेट' करा. त्याआधी नव्या फोनवर दोन-चार नंबर लावून खात्री करून घ्या. आम्ही तर आठवडाभर थांबायला सांगतो. हरवला किंवा चोरीला गेला तर पोलिसांत नोंद करून संचार साथी पोर्टलवर तो बंद करता येतो. त्यासाठी आयएमईआय क्रमांक लागतो. *#०६# दाबले की तो पडद्यावर येतो.

झाईत आम्ही आता पावसाळी बंदीच्या दिवसांत हे काम घेतो. १ जूनपासून बोटी किनाऱ्याला असतात, खलाशी घरी असतात आणि बोटीवर परतण्याआधी मुलाला आईच्या फोनजवळ तासभर बसवता येते. खाते, पासवर्ड, यादी सगळे झाले की शेठ, तांडेल, सोबतचे दोन खलाशी आणि १५५४ एवढे नंबर सिमवरही टाकायचे, आणि तेच वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत. मावशींनी वही नको म्हटले. त्यांनी ते दाराच्या मागे ऑइलपेंटने लिहून घेतले.